घटाशेजारची बॅटरी

दसरा, १९९७. अंबरपेठेतलं आमचं घर. हजर: आई, धाकटा भाऊ, भावजय आणि मी. काम: देवीचे घट उठवणे आणि घटाशेजारची ड्रिलची बॅटरी चार्जरमधून काढणे.

भाऊ त्याच वर्षी आखातातून परत आला होता. तिथे ओझी उचलून कंबर गेली, म्हणून कंपनीनं घरी पाठवलं. येताना त्यानं बिनवायरीचं ड्रिल आणलं. पुन्हा तिकडे जाणार नाही, हे त्यानं विमानतळावरच बायकोला सांगितलं होतं, आणि ड्रिलच्या भरवशावर सांगितलं होतं. दिलसुखनगरला एका नव्या इमारतीत पडद्यांच्या दांड्या बसवायचं काम त्याला मिळालं, तेही ड्रिलमुळेच. इमारतीत वीज आली नव्हती आणि लोक दिवाळीला राहायला येणार होते. वायरवालं मशीन तिथे निरुपयोगी.

घट बसले त्या दिवशी आईनं खंडेनवमीची हत्यारं आधीच देवीपुढे मांडली. पोटापाण्याचं साधन उपाशी बसवू नये म्हणून बॅटरी चार्जरमध्ये ठेवून बटण लावलं. चार्जरचा लाल दिवा नंदादीपाशेजारी जळत राहिला. तिसऱ्या दिवशी भावानं बॅटरीला हात लावला.

"आई, हे काढतो. तापलंय."

"देवीपुढचं तापणारच. बसलेल्याला उठवतात का रे मधेच?"

"जळेल ते."

"दहा ठिकाणी नोकरी करून आलास, एक घट नीट बसू देत नाहीस!"

भाऊ हसला आणि हात मागे घेतला. घटाजवळची वस्तू घट उठेपर्यंत हलवायची नाही, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकवत नाही. वीज गेली की आई जागची हलत नसे. लाल ठिपका पुन्हा लागला की हात जोडी.

दसऱ्याला बॅटरी बाहेर काढली तेव्हा तिचं बूड फुगलं होतं. ड्रिल दोन गिरक्या घेऊन थांबलं.

मी शोधाला लागले. अफझलगंजच्या हार्डवेअरच्या गल्ल्या मी ओळीनं घेतल्या, डावी बाजू जाताना, उजवी येताना. उघड्या बाजाराचे ते दिवस. कोरियाचे मिक्सर, तैवानचे पाने, चीनची मशीनं, सगळं दुकानांत येऊन पडलं होतं. आमच्या मशीनची बॅटरी तेवढी कुठे नव्हती.

"अम्मा, ये मॉडल बंद हो गया," एक दुकानदार म्हणाला. "नया मशीन ले लो, बॅटरी साथ में आती."

"आणि याचं काय करू?"

"शोकेस में रखो. फॉरेन का है ना!"

कंपनीकडून बॅटरी मागवायची तर नव्या ड्रिलइतके पैसे आणि दोन महिने. शेवटी कोठीला एका दुरुस्तीवाल्यानं जुनं खोकं फोडून आत सुटे सेल बसवून दिले. मोठे सेल त्याच्याकडे नव्हते, त्यानं बिनवायरीच्या टेलिफोनचे घातले आणि तसं स्पष्ट सांगितलंही: "लकडी को चल जाएगा. दीवार का मैं नहीं बोलता." आम्हाला दुसरा पर्याय नव्हता.

घरी भावानं ड्रिल हवेत फिरवून दाखवलं. आईनं त्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

इमारतीत मी डबा घेऊन गेले तेव्हा तो स्टुलावर उभा होता. खिडकीवरचं पहिलं भोक झालं. दुसऱ्यात पातं अर्ध्यावर अडकलं. त्यानं कंबरेवर जोर देऊन ढकललं, ओठ आवळून. मशीन घरघरलं आणि गप्प झालं. खाली कंत्राटदार उभा होता.

"क्या भई, दुबई का मशीन रोजे से है क्या?"

मजूर हसले. दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानं जनरेटर आणि दुसरा माणूस आणला. भावानं भिंतींवर काढलेल्या पेन्सिलीच्या फुल्यांवरच त्या माणसानं भोकं पाडली.

संक्रांतीनंतर भाऊ आखातात माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे गेला. कंबरेची तपासणी कशी पार पडली ते त्यानं सांगितलं नाही. जाताना बॅगेत कंबरेचा पट्टा भरला आणि दारात मला म्हणाला, "अक्का, आईला सांगू नकोस. तिला वाटतंय तिकडच्या उन्हानं गेली बॅटरी. वाटू दे."

तो अजून तिकडेच आहे, गोदामात. फोनवर बोलताना मधेच श्वास धरतो. मला कळतं की तो उठून उभा राहतोय.

आई दर नवरात्रात ती बॅटरी घटाशेजारी लावते. "तो आला की भरलेली असावी," म्हणते. सेल केव्हाच मेलेत, दिवा मात्र लागतो. यंदा मी नवरात्राच्या कामांत लिहिलं होतं: घट बसण्याआधी चार्जर माळ्यावर टाकणे. बाकीची कामं झाली. काल तिसरी माळ. बॅटरीला हात लावून पाहिला, तापली आहे. आई समोर बसून होती.

ते एक काम राहिलं आहे.