तात्यांचा डावा पाय आणि बिनगिअरची गाडी

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला निदान महिन्यातून एकदा माणूस येतो. किस्से मात्र माझ्याच डोक्यात पडून राहतात, मग ते असे कुणाच्या तरी गळ्यात मारावे लागतात!

महाडला माझ्या गॅरेजबाहेर एक बाकडं आहे. त्यावर रोज सकाळी तुडीलचे तात्या येऊन बसतात. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "यापुढे क्लच दाबायचा नाही." म्हणजे ऑटोमॅटिक गाडी घ्या, नाहीतर घरी बसा. तात्यांच्या मुलीचं घर वाईला, आंबेनळी घाटाच्या पलीकडे. नातू चालायला लागला तरी तात्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, ते घर पाहिलेलं नाही, कारण काकींना गाडी लागते. घाटाचं नाव काढलं तरी तोंडाला पदर! तेव्हा तात्यांना गाडी हवी ती अशी, की त्यांना चालवता येईल आणि काकींना सोसवेल.

---

सल्ला द्यायला दोघं तयारच होते. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारे सर, त्यांची गाडी साधी ऑटोमॅटिक. आणि मेडिकलवाल्या वहिनी, त्यांची सीव्हीटी, तीही ऑटोमॅटिकच, पण वेगळ्या जातीची.

सरांनी बाकड्यावरच तास घेतला. "तात्या, माझ्या गाडीत गिअर आहेत, फक्त ते गाडी स्वतः बदलते. वहिनींच्या गाडीत गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पट्टा."

तात्यांनी चहाचा घोट घेतला. "पट्टा पिठाच्या गिरणीला पन असतो, सर. म्हनून गिरणी घेऊन घाट चढू काय?"

सरांनी तास तिथेच सोडला.

---

पहिल्यांदा तात्या सरांच्या गाडीत बसले. शेजारी सर, मागे मी. गाडीने जरा वेग घेतला, आणि तात्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधत खाली गेला. क्लच नव्हता. ब्रेक होता! सरांचा चष्मा उडून डॅशबोर्डवर.

तात्या शांतपणे म्हणाले, "ब्रेक झ्याक हायेत."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि डावा पाय सीटच्या खालच्या दांडीला बांधून टाकला. मी म्हटलं, "अहो तात्या, हे काय?"

"एसटीत हयात गेलेला पाय हाय तो. सांगून ऐकायचा नाय."

---

मग वहिनींची सीव्हीटी. शिवथरच्या चढाला वहिनींनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन मिक्सरसारखं ओरडायला लागलं आणि गाडी तिच्या सवडीने निघाली.

तात्या कान देऊन ऐकत होते. "वहिनी, तिसरा कदी टाकता?"

"तिसरा नाहीये, तात्या."

"मग दुसरा?"

"दुसराही नाही."

"आवाज पुढं गेला की वो! गाडी मागनं येतेय!"

वहिनी म्हणाल्या, "आमचे मिस्टर तसेच आहेत. आधी आरडाओरडा, मग काम. पण काम होतं!"

आणि खरंच झालं. गाडी वर पोहोचली आणि वाटेत एक धक्का नाही. बाजारातल्या गर्दीत तर ती लोण्यासारखी चालते. तात्यांना मात्र पटेना. "गिअर पडल्याचं अंगाला कळाया नको?"

---

सर आपल्या गाडीवर भलतेच खूश. एकदा महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून आले. मी पोलादपूरला दुसऱ्याच कामाला गेलो होतो, मला बघून थांबले. उतरताना गाडी खालच्या गिअरला अडकवायची असते, म्हणजे इंजिनच तिला रोखून धरतं. सर अख्खा घाट डी-मध्ये, म्हणजे नेहमीच्या पुढच्या गिअरात, ब्रेकवर पाय ठेवून उतरले होते.

काच खाली करून सर प्रसन्नपणे म्हणाले, "कुठेतरी राब भाजतायत वाटतं, शेतात पालापाचोळा पेटवलाय. काय छान वास येतोय!"

मी म्हटलं, "सर, राब तुमच्याच चाकात पेटलाय!"

विज्ञानाचे शिक्षक! त्यानंतर आठवडाभर ते बाकड्याकडे फिरकले नाहीत.

---

तरी तात्यांचं मन सरांच्याच गाडीवर. गिअर कळतात, म्हणून. एके दिवशी काकींना त्या गाडीत बसवून वाईला निघाले. घाटात दर वळणाला गाडी दुसरा टाकू की तिसरा, या घोळात हिसके देत होती. आता दोष गिअरचा की वळणांचा, देव जाणे. चौथ्या वळणावर काकी उतरल्या त्या परत बसेचनात. चालतच पोलादपूरला येऊन लेकीला फोन लावला, "मला नाय गो जमत, बाय. तूच ये पोराला घेऊन." फोन ठेवल्यावर रडल्या. मलाही वाईट वाटलं.

---

शेवटी वहिनींनी स्वतःहून किल्ली दिली. "चार दिवस न्या. आवडली नाही तर शिव्या द्या."

तात्या शिव्या द्यायला परत येईपर्यंत थांबले नाहीत, महाडच्या पुलावरच सुरू झाले. "ही काय गाडी? नुसती कन्हते! हिच्यापरीस बैलगाडी बरी!" काकी त्यांच्या शेजारी, पदर तोंडावर ओढून, डोळे गच्च मिटून. मी मागे, पिशव्यांची थप्पी घेऊन तयारीत.

पोलादपूर गेलं. घाट लागला. तात्यांच्या शिव्या चालूच होत्या, फक्त हळूहळू आवाज खाली येत गेला. घाट अर्धा झाल्यावर तर ते नुसतं पुटपुटत होते. वळणं तीच, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय असा, की भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालावं.

महाबळेश्वर मागे पडलं. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे स्टॉल दिसायला लागले. तेवढ्यात पदराच्या आतून काकींचा झोपाळलेला आवाज आला.

"अवो, पोलादपूर आलं काय?"

तात्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग गाडी आणखी थोडी सावकाश केली आणि म्हणाले, "नाय गो, अजून नाय. झोप तू."