वरच्या पाड्यातले नऊ फोन

तीन हात एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला आणि सातवा हात माझा. आमच्या संस्थेत असं झालं की मला घाम फुटतो. डोळखांबच्या डोंगरातल्या वरच्या पाड्याचं इंटरनेट काढून मुरबाड तालुक्यातल्या एका गावाला द्यायचं की नाही, यावर शहापूरच्या बैठकीत नेमकं हेच झालं. अध्यक्ष मी, त्यामुळे निकाल माझ्यावर आला. "जाऊन बघून येते," असं म्हणून मी त्या दिवशी सुटका करून घेतली आणि बुधवारी सकाळी आमचा तंत्रज्ञ संतोष याला घेऊन एसटी स्टँडवर उभी राहिले.

संस्थेची गोष्ट थोडक्यात सांगते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मला घरी बसवेना. माझ्यासारखेच आणखी सहा जण भेटले. जिथे टॉवर लावणं कंपन्यांना परवडत नाही, अशा डोंगरातल्या पाड्यांना अँटेनावरून इंटरनेट द्यायचं ठरलं. नाव ठरवायला तीन बैठका गेल्या, नियमावली लिहायला वर्ष गेलं. आता भांडायला आम्हाला छापील कलमं आहेत.

वरच्या पाड्याचं भांडण एका आलेखावरून सुरू झालं. भातकापणी झाली की तो पाडा दरवर्षी भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. म्हणजे मधले महिने तिथला वापर शून्य दिसायला हवा. पण रोज दुपारी एक ते दोनच्या दरम्यान तिथे नऊ फोन जागे होत आणि पुन्हा झोपत. कोणी म्हणालं गैरवापर चाललाय, कोणी हसून भुतांवर घातलं. मग आमच्या धंद्यातला जुना उपाय केला. लाइन बंद करून बघायची, ज्याचं अडेल तो बोंबलेल. नियमाप्रमाणे संतोषने पाड्याच्या तोंडाशी असलेल्या खांबावर सूचना चिकटवली आणि सोमवारी सकाळी मी स्वतः ऑफिसातून लाइन बंद केली.

बुधवारपर्यंत कोणीही बोंबललं नव्हतं.

सापगावचा पूल ओलांडून आम्ही मुरबाडकडे गेलो. त्या गावाने तर खांबासाठी खड्डासुद्धा खणून ठेवला होता. सरपंचबाईंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. कॉलेजच्या मुली अर्ज भरायला पाण्याच्या टाकीवर चढतात, असं त्या वाढता वाढता सांगत होत्या. मी टाकीची ती अरुंद शिडी पाहिली आणि माझा सातवा हात तिथेच निम्मा वर गेला. रात्री त्यांच्याच घरी राहिलो. वरच्या पाड्यातली अँटेनाची पेटी उतरवायची आणि परतताना इथे द्यायची, असं मी त्यांना सांगूनही टाकलं.

गुरुवारी डोळखांबहून जीप केली. कुठे जायचं ते ऐकल्यावर ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"वरच्या पाड्यात सद्या कोन नाय, मॅडम."

"माहीत आहे. खांबाचं काम आहे."

थोडं अंतर गेल्यावर तो आपणहून बोलला. "दुपारचा तिथं बोलन्याचा आवाज येतो. घरांतना. गुराखी गुरं नेत नायत तिकडं."

"कसला आवाज?"

"मानसांचा. कोंबडी बसली का, कौल सरकला का, असला कायतरी इचारतात. जबाब कोन देत नाय." त्याने गिअर बदलला. "पन सोमवारपासना तो पन बंद झालाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. सोमवारी काय झालं होतं ते संतोषला आणि मला ठाऊक होतं.

फाट्यापासून तासभर चढ आहे. कापलेल्या भाताचे बुडखे संपले की साग लागतो. वाळक्या पानांवर पाय पडला की मागे आणखी कोणी चालतंय असं वाटतं. मी दोनदा वळून पाहिलं. संतोष पुढे होता, मागे कोणी नव्हतं. खांबावर आमची सूचना होती तशीच, एक कोपरा उन्हाने वळलेला. ती वाचायला तिथे कोण येणार होतं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला आणि शरम वाटली.

पाड्यात दहा घरं. कुडाच्या भिंती, दारांना नुसत्या कड्या. माणूस नाही, कुत्रंही नाही. मात्र दहाही अंगणं झाडलेली होती आणि दहाही उंबऱ्यांपुढे शेणाचा सडा ओला होता. रिकाम्या गावाची सवय असते, पण इथे नुकतंच कोणीतरी घरोघर फिरून गेलं होतं.

पहिल्या घराची कडी काढून मी आत पाहिलं. मधल्या मेढीला (छप्पर पेलणाऱ्या खांबाला) कापडी पिशवीत एक फोन टांगला होता. पिशवी पुढून कापलेली, फोनचं तोंड थंड चुलीकडे. वायर कौलांतून वर सौर पट्टीकडे गेलेली. दुसऱ्या घरात तसाच फोन. तिसऱ्यातही. चौथ्या घरात चुलीपाशी अंधारात कोणीतरी बसलं होतं, आणि मी चक्क ओरडले.

"वरडू नको गो बाय. मीच हाय, चांगुणा."

सत्तरी ओलांडलेली, गुडघे सुजलेले. चालवत नाही म्हणून ती भट्टीवर जात नाही, पाड्याची राखण करते. तिने मला पाणी दिलं आणि मी विचारायच्या आधीच बोलू लागली. घर सोडून गेलेल्या माणसांनी रोज एकदा घराशी बोलायचं, ही त्यांची जुनी रीत. पूर्वी मागे राहिलेला माणूस प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहून घरच्यांची नावं घ्यायचा. ज्या घरात कोणी बोलत नाही तो मुका उंबरा, आणि मुक्या उंबऱ्यात दुसरं कोणी येऊन राहतं. आमचं इंटरनेट आल्यावर पाड्याने रीत सोपी केली. भट्टीवर जेवणाची सुट्टी झाली की एकेक घर व्हिडिओ कॉल करी. चांगुणा जाऊन तो उचले, पिशवीत चुलीकडे तोंड करून ठेवी आणि बाहेर पडे.

"तू थांबत नाहीस ऐकायला?"

"त्यांचा घर, त्यांचा बोलना. मी कशाला ऐकू?" मग तिने माझा हात धरला. तिचा तळवा गार होता. "पन आज चवथा दिस. रोज नऊ घरां फिरतंय, कोनचा फोन वाजत नाय. भट्टीवर कायतरी झाला. सगळी गेली काय गो?"

डोंगराखाली रेंज आहे, पण तिथवर तिचे गुडघे जात नव्हते. चार दिवस ही बाई नऊ घरांतली माणसं मेली असं धरून त्यांची अंगणं झाडत होती. मी तिला म्हणाले, "आजी, लाइन मी बंद केली." तिला ते कळलं की नाही, सांगता येत नाही.

ऑफिसातून बंद केलेली लाइन खांबावरच्या पेटीवरूनही चालू करता येते. संतोष खांबाकडे पळाला. पाऊण वाजता लाइन चालू झाली. आम्ही दोघी अंगणात बसलो. एक वाजला, सव्वा वाजला. नऊ घरांतून एकही फोन वाजला नाही. घरातल्या फोनवरून मी तिच्या मुलाला, काळूला, फोन लावला. लागेना. दुसऱ्या घराचा लावला, मग तिसऱ्याचा. नऊच्या नऊ बंद. आता मलाही तीच शंका आली. कारण मी लाइन बंद केली होती हे खरं, पण चालू झाल्यावर कोणीतरी उचलायला हवं होतं. झाडलेल्या त्या अंगणांकडे बघवेना. म्हातारीपाशी संतोषला बसवलं आणि भट्टीवर साधा फोन लावायला रेंज हवी म्हणून मी एकटीच खाली धावले.

निम्म्या उतारावर पानांचा आवाज आला. या खेपेला खरोखर माणसं होती. एकामागे एक, बायका, पुरुष, कडेवरची पोरं. सगळ्यात पुढच्या माणसाच्या हातात नवी घागर होती आणि मागच्याच्या काखेत कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी. ती कशाला आणली आहे ते मला लगेच कळलं.

"म्हातारी उंबऱ्यात पडलीय ना?" पुढच्याने विचारलं. "तीन दिस फोन कोन उचलीत नाय. खालच्या गावातल्या एकाला बघून ये म्हनला, तर तो भितो. सगळीच निघालो. चढावर रेंज पन नाय."

तो काळू होता. मी म्हणाले, "आहे रे. चांगली आहे. अंगणात बसलीय."

घागर खाली ठेवून तो तिथेच वाटेवर बसला. मागची माणसंही बसली. एक बाई रडू लागली, तिला कोणी गप्प केलं नाही. मी लाइन बंद केल्याचं सांगितलं, खांबावरच्या सूचनेचंही सांगितलं. सांगताना माझ्या कानांना ते शब्द खोटे वाटत होते.

"आमाला इचारायचा ना, ताय," काळू म्हणाला. "आमचा नंबर तुमच्याकडं हाय."

होता. नऊच्या नऊ घरांचे नंबर आमच्या रजिस्टरात होते.

संध्याकाळी पाड्यात बसून त्यांनी माझा दंड ठरवला. दहाव्या घरची माणसं दोन वर्षांपूर्वी भट्टीवर गेली ती आलीच नाहीत, कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही. तो उंबरा मुका आहे. "ज्याना उंबरे मुके केले, त्यानाच तो बोलता करायचा," चांगुणा म्हणाली. मी माझा जुना फोन काढून दिला आणि तो दहाव्या मेढीला टांगला गेला.

पुढच्या बैठकीत सातही हात पेटी न हलवण्यासाठी वर गेले. मुरबाडच्या मुली अजून टाकीवर चढतात. त्यांच्यासाठी दुसरी पेटी मिळवायची आहे आणि सरपंचबाईंना तोंड दाखवायला मला अजून जमलेलं नाही.

आणि रोज सव्वा वाजता मी शहापूरहून फोन लावते. चांगुणा उचलते, चुलीकडे तोंड करून ठेवते, तिची पावलं दूर जातात. पडद्यावर राख नसलेली चूल आणि मागे अंधार. पहिल्या दिवशी मी माफी मागितली. आता ऊन किती आहे, आज काय रांधलं, असलं काहीबाही सांगते. बोलून झाल्यावर फोन ठेवायचा असतो, पण मी थोडा वेळ तसाच धरून ठेवते. परवा मी गप्प झाल्यावर आत कोणीतरी घसा खाकरला.