शापाचा प्रवेश

"नमस्कार करायचा नाही," असं दिग्दर्शकाने त्याला तालमीत किती वेळा बजावलं असेल. पण शापाचा प्रवेश आला की हा वाकायचाच. मग ओशाळून म्हणायचा, "बापूस समोर असताना ताठ उभं रहायचं, मना नाय जमत."

बापूस मी झालो होतो. बेलापूरच्या आमच्या कचेरीतली हौशी मंडळी दरवर्षी एखादं हलकंफुलकं नाटक करायची. त्या वर्षी कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे, पण प्राचीन ग्रीक शोकांतिका घेतली. देशोधडीला लागलेला आंधळा राजा परक्या गावाच्या वेशीवर बसलेला असतो. मुलगा क्षमा मागायला येतो आणि राजा त्याला शाप देऊन हाकलतो. मुलाचं काम कचेरीतल्याच याने मागून घेतलं.

त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असल्या कामापासून चार हात लांब राहिलो असतो. याचं गाव खाडीकाठी, कचेरीपासून अगदी जवळ, पण ते त्याला बंद होतं. नव्या शहरासाठी गावच्या जमिनी जात असताना याने त्या जमिनी घेणाऱ्या आमच्याच कचेरीत नोकरी धरली, म्हणून गावकीने बैठक घेऊन त्याला वाळीत टाकलं. त्या बैठकीत त्याचे वडील मान खाली घालून बसले होते. ते गप्प बसणं याला आतून खात होतं. जेवताना हातातला घास तसाच ठेवून विचारायचा, "बापूस बोलला नाय, म्हंजे त्यानं बी मना टाकलाच ना?" आम्ही त्याला आपल्या डब्यातली भाजी वाढायचो.

प्रयोग कचेरीच्या आवारात, दुपारी झाला. मागच्या खांबाला टेकून त्याचे वडील उभे होते. मी शाप उच्चारला आणि हा वाकला. त्याच्या डोक्याकडे जाणारा माझा हात मी कसाबसा आवरला.

प्रयोगानंतर म्हातारा मांडवामागे आला. मुलाला म्हणाला, "सराप या राजानं दिला. मी नाय दिला." मग पुढे म्हणाला, "पन गावात येऊ नको. तुझ्या भावांना बी टाकतील."

त्या दिवसापासून हा पोटभर जेवू लागला.

पुढे तो बदली घेऊन गेला. पण मला आठवतो तो त्याआधीचा, त्याचे वडील वारले तो दिवस. खांदा द्यायला त्याला कुणी बोलावलं नाही. कचेरीच्या गच्चीवर जाऊन तो खाडीकडे तोंड करून उभा राहिला. गावच्या स्मशानातला धूर विरला तसा खाली आला आणि साहेबांच्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "साहेब, बापूस गेला. घरी जाऊन आंघोळ करू का?"