निर्मलाबाईंचा दुसरा प्रश्न

निर्मलाबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या. बैठकीतल्या खुर्च्या त्यांना जणू टोचायच्या. चुलीपाशी फतकल मारून त्या विचारायच्या, "या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?" सोबत गेलेल्या आम्ही विद्यार्थिनी लाजून अर्धमेल्या व्हायचो. घरची बाई मात्र उत्तर द्यायच्या आधीच हसू लागायची.

अंबाजोगाईच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायच्या. देशोदेशीच्या बायकांचं जगणं हा त्यांचा अभ्यास. मी त्यांची विद्यार्थिनी झाले आणि पुढे सहकारी म्हणून तिथेच राहिले. इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम, कुठल्या कुठल्या बायका त्यांनी फोनच्या पडद्यावर गाठल्या होत्या. कायदे आणि पगारांचे आकडे त्यांना पाठ होते, पण त्यावर भरवसा नव्हता. "आकडे दारातून दिसतं तेवढंच सांगतेत, पोरी. आपल्याला आतलं बघायचंय," म्हणायच्या. चकलांब्याचं माहेर त्यांच्या बोलण्यातून कधी गेलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच यायचं. बाईंचा जीव अडकला होता तो दुसऱ्यात: "तुला स्वतःला काय खायला आवडतं?" दिंद्रुडला शेळ्या राखणाऱ्या गयाबाईंना त्यांनी तो विचारला.

"मालकाला बेसन लई आवडतं."

"मालकाचं न्हाई, तुमचं सांगा."

"मग पोराला शेंगाची चटणी..."

बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गयाबाई वैतागल्या. "कावून माज्याच मागं लागल्या? तुमी सांगा की आदी, तुमाला काय आवडतं?"

बाई खळखळून हसल्या. "माझं सोडा हो," म्हणाल्या आणि शेळ्यांची चौकशी करू लागल्या. मीही हसले होते. आता ते हसू आठवलं की घास कडू लागतो.

मग व्हिएतनामहून बोलावणं आलं. भातशेती करणाऱ्या बायकांच्या घरांत एक हंगाम राहायचं. बाईंना जन्मभर हेच हवं होतं. त्या इतक्या खूश होत्या की वर्गातसुद्धा गुणगुणायच्या. आणि नेमक्या सासूबाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. बाईंचे यजमान, आमचे सर, माणूस भला. "जा की," म्हणाले. आईचं कोण करणार, हे मात्र बोलले नाहीत. बाईंनी मला पाठवलं.

"आणि तुम्ही?"

"पुढल्या साली जाईन. देश काय पळून चाललाय?"

तिथे शेताच्या बांधावर एका बाईला मी दुसरा प्रश्न विचारला. तिने मुलाला आवडणारा मासा सांगितला. फोनवर ऐकून बाई केवढ्यानं ओरडल्या, "अगं, ही तर आपली दिंद्रुडचीच हाय की!" तेवढ्यात त्यांच्या घरातून कुणीतरी चहा मागितला आणि बोलणं तिथेच थांबलं.

सासूबाईंचं अंथरूण सुटलं नाही. त्या गेल्या, मग सुनेचं बाळंतपण आलं. पुढलं साल काही उजाडलं नाही. गेल्या उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या.

तेराव्याला नैवेद्याचं ताट वाढताना बाईंच्या थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, "निर्मलाच्या आवडीचं काय करायचं?" आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ ताटात लागतोच.

"धपाटे," सर म्हणाले.

मुलगा हळूच म्हणाला, "ते तुम्हाला आवडतात, पप्पा."

सुनेनं शेवयांची खीर सुचवली, पण ती नातीची आवड. चकलांब्याहून आलेल्या भावानं मान खाली घातली. "आमच्यात पोरीला कोण इचारतंय? उरंल ते खायची."

मग सगळे माझ्याकडे वळले. "तुम्ही तर कायम त्यांच्यासोबत. तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. परक्या मुलखातल्या बाईला मी तो प्रश्न खोदून खोदून विचारला होता. माझ्या बाईंना कधीच नाही.

शेवटी ताटात धपाटेच वाढले. पंगती उठल्या, बायकांचीही उठली, तेव्हा कुठे सर सगळ्यात शेवटी पानावर बसले.