मधली वाट म्हणजे समुद्र

तुर्की राष्ट्रवाद शिकवताना मी दरवर्षी वर्गात जरा नाटक करायचे. तुर्कस्तानच्या जुन्या उस्मानी सुलतानांच्या दरबारातल्या लोकांना ‘तुर्क’ म्हटलेलं खपायचं नाही. तुर्क म्हणजे खेडवळ, अडाणी. साम्राज्य ढासळायला लागलं आणि तोच शब्द छाती पुढे काढून मिरवायचा झाला. मग लिपी बदलली, प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं. नुसतं सांगितलं की मुलं जांभया देतात, म्हणून मी प्रत्येकाला तिथल्या तिथं नवं आडनाव निवडायला लावायचे. हशा पिकायचा, धडा डोक्यात राहायचा. या युक्तीचा मला गर्वच होता म्हणा ना.

मागच्या वर्षी तो गर्व नडला. पुढचा भाग अदलाबदलीचा होता. तुर्कस्तान आणि ग्रीसनं करार करून चक्क माणसं बदलून घेतली. घरात तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला धाडले, ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आणले. भाषा कुणी विचारली नाही, धर्म तेवढा विचारला. मुलांना हे काही केल्या पटेना. मी म्हटलं, “उठा सगळे. ही बाकांमधली वाट म्हणजे समुद्र. हिंदू मुलं खिडकीकडे, मुसलमान मुलं दाराकडे.”

शब्द तोंडातून गेला आणि आपण काय बोलून बसलो ते कळलं. पण मुलं मुकाट उठली. हसलं कुणीच नाही. जन्मभर दखनी उर्दूत बोललेला छावणीतला हिंदू मुलगा खिडकीकडे गेला. पहिल्या बाकावर दोन मैत्रिणी बसायच्या, लासूर स्टेशनहून रोज एकाच गाडीनं येणाऱ्या. एक धनगराची, दुसरी मुसलमान. दुसरीनं दप्तर उचललं आणि म्हणाली, “पर मॅडम, आमच्या घरात समदे मराठीच बोलत्यात. मला तर उर्दू वाचता बी येत नाय.”

“म्हणूनच तर! तिकडेही अगदी असंच झालं,” मी म्हटलं. उदाहरण चपखल बसलं याचा मला त्या क्षणी आनंद झाला. सांगायला लाज वाटते.

तेवढ्यात मागच्या बाकावर वर धरलेला मोबाईल दिसला आणि माझ्या पाचावर धारण बसली. हिंदू-मुसलमान दंगली पाहिलेल्या या शहरात हे एवढंच चित्रण बाहेर गेलं तर? मागचंपुढचं कोण ऐकणार? घरी आल्यावर फोन वाजला की मी दचकायचे, वाजला नाही की आणखी घाबरायचे. नवरा वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला. सगळं ऐकून म्हणाला, “तुला नसते उद्योग कुणी सांगितले होते?” मग त्यानंच चहा केला. नोकरी गेली, असंच मी धरून चालले.

सकाळपर्यंत काहीच आलं नाही. प्राचार्यांचं बोलावणंही नाही. मोबाईलवाला मुलगा जिन्यात भेटला. त्यानं फळ्याचा फोटो काढला होता, लिहून घ्यायचा कंटाळा म्हणून. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला रागवायचंही विसरले.

वर्गात शिरले. मुलं कालच्यासारखीच बसली होती. अर्धी खिडकीकडे, अर्धी दाराकडे, मधे वाट. त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

“अरे, कालचा धडा संपला. बसा आपापल्या जागेवर.”

दोघंतिघं अर्धवट उठली, इकडेतिकडे बघून पुन्हा बसली. धनगराच्या पोरीनं शेजारची जागा रिकामी करून दप्तर मांडीवर घेतलं. तिची मैत्रीण दारापाशी वहीत डोकं घालून बसली होती.

“राहू द्या मॅडम. हितंच बरं हाय,” ती वर न बघता म्हणाली.

कालचा सगळा दिवस मी भलत्याच गोष्टीला भीत होते. आता खरी भीती वाटली. मी खडू उचलला.

दाराकडून तीच पुन्हा म्हणाली, “मॅडम, ती मानसं मंग मागारी गेली का त्यांच्या गावाला?”

उत्तर मला पाठ होतं. फळ्याकडे तोंड करून मी म्हटलं, “नाही.”