बियाण्याचे आभार

आमच्या गावात बियाण्याचे आभार मानत नाहीत. मानले तर ते उगवत नाही, आणि उगवलंच तर गड्डा धरत नाही. रोप असो, कांद्याची गाठ असो की मूठभर घेवडा, घ्यायचं, मान हलवायची आणि चालू लागायचं. आभार फेडायचे ते थंडीच्या तोंडावर. पहिलं पीक निघालं की त्यातलं एक चांगलंसं बघून देणाऱ्याच्या पायरीवर ठेवून यायचं. येराच्या पायरीवर दर साली सलगमांचा एवढा ढीग व्हायचा की शेवटी तिची गायही तोंड फिरवायची.

येरा माझी शेजारीण. वाफ्यांची राखण करणाऱ्या संतिणीचं नाव तिला ठेवलेलं, आणि ते आपल्याला शोभतं असं तिला मनातून वाटायचं. वाटेना का, खोटं नव्हतं. मे महिन्यात काय पेरायचं ते कुणीही सांगेल. खरी परीक्षा जुलैच्या मध्यावर असते. जव कापून झालेला असतो, जमीन मोकळी पडलेली असते आणि अर्धा हंगाम हातातून गेलेला असतो. उरलेल्या उन्हात काय येईल आणि काय अर्ध्यावर धुक्यात सापडेल, हे येराला विचारायचं. ती कुंपणाशी उभी राहून आधी भलत्याच चौकशा करायची. तुमच्या परसावर डोंगराची सावली कधी पडते? तळघर ओलं आहे का? म्हाताऱ्याला दात किती उरलेत? मग निकाल. तुला काळा मुळा. तुला बीट, पण लहान असतानाच उपटायचं. तू घेवड्याचा नाद सोड, त्याला फूल येईल तेव्हा तू स्वेटर घालून बसली असशील. आणि सगळ्यांना, न चुकता, सलगम. त्याचं बियाणं येराच्या घरचं. सलगम किसून, मीठ लावून पिंपात आंबत घातलं की आमचा हिवाळा निघतो. डुक्कर मारल्यावर सॉसेजबरोबर ते नसलं तर पाहुणे जेवतात, पण घरी जाऊन बोलतात.

त्या वर्षी जुलैअखेर येणाऱ्या संत याकोबाच्या सणाच्या जरा आधी गारा पडल्या, अक्रोडाएवढ्या. आम्ही जेवायला बसलो तेव्हा सुरू झाल्या आणि ताटातलं सूप निवायच्या आत थांबल्या, पण तेवढ्यात कोबी, टोमॅटो, घेवडा, सगळ्याचा लगदा झाला. येराने बियांसाठी राखलेले सलगमाचे दांडे परसात उभे होते. शेंगा वाळलेल्या, आज-उद्या कापायच्या. त्या फुटून सगळं बी चिखलात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव तिच्या फाटकाशी हजर. आता काय पेरायचं? तिने मुळा सांगितला, पालक सांगितला, कडू पानांचं सॅलड सांगितलं. पण लोकांचं लक्ष सलगमावर. याकोबाचा सण उलटला की ते पेरून उपयोग नसतो, "याकोबानंतर नुसती शेपटी" असं आमच्याकडे म्हणतात. जवळच्या शहरात बियाण्याचं दुकान आहे, तिथे बस जाते. येराने एवढंच म्हणायचं होतं, की यंदा माझ्याकडे नाही, बसने जा आणि घेऊन या. पण आपल्या फाटकात आलेल्या माणसांना दुकानाची वाट दाखवणं तिच्या जिवावर आलं. ती माळ्यावर गेली.

माळ्यावर एक बरणी होती. तिचा नवरा पोल्दे, देव त्याला सुखी ठेवो, जिवंत असताना हाताला लागेल त्या बरणीत वाटेल ते ओतून ठेवायचा. बरणीत मोहरीसारखे काळपट दाणे होते. सलगमाचं बी तसंच दिसतं. कोबीचंही तसंच दिसतं, आणि गुरांसाठी पेरतात त्या चाऱ्याच्या मोहरीचंही. येराने एक दाणा चावून पाहिला. काही कळलं नाही. आपल्याला कळलेलं नाही, हे मात्र तिला चांगलं कळलं होतं. पुढे तिनेच मला तसं सांगितलं. तरी ती बरणी घेऊन खाली आली आणि लाकडी चमच्याने वाटू लागली.

रांगेच्या मध्यात तेया उभी होती. मालचीची सून, वसंतात लग्न होऊन आलेली, शहरात वाढलेली. तिने वाटी पुढे केली, बी घेतलं आणि हसून म्हणाली, "खूप आभारी आहे, मावशी."

मालचीने छातीवर क्रूस काढला. येराने मात्र, शहरातली पोर आहे, तिला काय ठाऊक, असं म्हणून पुढच्याची वाटी भरली.

उगवलं छान. ऑगस्टभर शेतं हिरवीगार, सप्टेंबरात पानं गुडघ्याला लागली. गड्डा काही दिसेना. शेवटी मालचीने एक रोप उपटलं, तर खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. गावभर तेच. येराने आपल्या वाफ्यातलं एक उपटलं, पान बोटांत चुरडून हुंगलं, आणि तिथेच मातीत बसली. पोल्देची चाऱ्याची मोहरी.

संध्याकाळी दूध जमा होतं तिथे आम्ही बायका किटल्या घेऊन उभ्या असतो. आमचं न्यायालय तेच. मालचीने निकाल दिला.

"आमच्या सूनबाईंच्या सभ्यपणाने गावाचं सलगम खाल्लं."

कुणीतरी शंका काढली, की तेयाच्या आधी ज्यांनी नेलं त्यांचं का नाही धरलं?

"बरणी उघडी होती ना," मालची म्हणाली. "शब्द बरणीला लागला."

सगळ्या हसल्या. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ठरलं की वांग्याला कुणी विचारत नाही. तेया किटलीच्या कडीशी चाळा करत राहिली, कान लालबुंद झालेले. येरा तिच्या अगदी शेजारी उभी होती. तिने एक वाक्य बोलायचं होतं. आपल्या दुधात काही पडलं असावं तशी ती किटलीत बघत राहिली.

अशी गोष्ट हसण्यावारी सुरू होते, पण तिथे थांबत नाही. तेयाला कुणी लसणाची पाकळी देईना, कोंबडीखाली ठेवायला अंडी देईना. घरात मालची ताटावर बसली की आंबवलेल्या सलगमाची आठवण काढून उसासा टाकायची. सासवांना निमित्त शोधावं लागतं. हिला आयतं मिळालं होतं.

एका रविवारी तेया येराकडे आली. मी तिथेच पालक निवडत बसले होते. पोरीने अक्रोडाचं सारण भरून गोड पाव भाजून आणला होता, स्वतःच्या हाताने, एका बाजूने जरा करपलेला. तो टेबलावर ठेवून ती उभीच राहिली.

"मावशी, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं," ती म्हणाली. "आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, कुणी काही दिलं की आभार मानायचे. मला खरंच माहीत नव्हतं. माफ करा मला."

येराचा चेहरा पडला. मला वाटलं, राग गिळतेय.

"असू दे, पोरी," ती म्हणाली. "असू दे."

तेया रडली आणि हलकी होऊन घरी गेली. येराने पावाला हात लावला नाही. तो करपलेल्या बाजूसकट आठवडाभर टेबलावर तसाच वाळत पडला.

ऑक्टोबरात मालचीच्या कोठारात मक्याची कणसं सोलायला सगळे जमलो होतो. मध्येच येरा हातातलं कणीस खाली ठेवून उठली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की पहिलं वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं.

"त्या बरणीत सलगम नव्हतं. पोल्देची चाऱ्याची मोहरी होती. माझी खात्री नव्हती, तरी मी वाटली. पोरीचा काही दोष नाही."

मग म्हातारा येर्नेय हसायला लागला. म्हणाला, येरा जर बियाण्यात चुकायला लागली तर उद्या आमचे पाद्रीही सांगतील की मला प्रार्थना येत नाही. आणि मालचीने डोळ्याला रुमाल लावला.

"याला म्हणतात मन. दुसऱ्याचं पाप आपल्या पदरात घेतेय. बघतेस ना, तेया? ऊठ, मावशीचा हात चूम."

तेया उठली आणि तिने खाली वाकून येराचा हात चुमला. येराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात ओढून घ्यायचंही तिला सुचलं नाही. खोटं बोलून थोरवी मिळवणारे असतात, पण आपला दोष खरा सांगूनही थोरवीच पदरात पडावी, यासारखी दुसरी शिक्षा नाही. मलाही वाटलं, ही पोरीला पाठीशी घालतेय. मी तिच्या पेल्यात सफरचंदाची दारू ओतली. आता वाटतं, गावाला येरा चुकलेली परवडणारच नव्हती. ती चुकते म्हटल्यावर पुढच्या जुलैत विचारायचं कुणाला?

हिवाळ्यात माझ्या चुलीपाशी बसून तिने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. माळा, बरणी, चावलेला दाणा. तेव्हा मला पटलं. मी म्हटलं, आता ते ऐकतच नाहीत तर जाऊ दे ना, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"ती मूठ त्या पोरीच्या छातीवर आहे," येरा म्हणाली. "मी तिला माफ केलं, मिंका. मी. तिला."

पुढच्या जुलैत जव कापून झाला आणि सवयीने लोक पुन्हा तिच्या फाटकाशी आले. आदल्या हंगामात गावात एकही सलगम धरलं नव्हतं, त्यामुळे बियांसाठी राखायलाही काही उरलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आले. येराने काढलं असेल कुठूनतरी, असा भरवसा. येरा फाटकाच्या बाहेर आली आणि तिने तेयाला पुढे बोलावलं. आदल्या दिवशी तिनेच तेयाला बसने शहरात पाठवलं होतं, दुकानातलं सलगमाचं पाकीट आणायला. कशासाठी ते पोरीला सांगितलं नव्हतं.

येराने एप्रन ओंजळीसारखा धरला. "ओत."

तेयाने पाकीट फाडून बी ओतलं. येरा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तेया, तुझे खूप आभार. मनापासून आभार."

मालचीचा हात कपाळाकडे गेला.

"आता ऐका," येरा म्हणाली. "हे बी मी रस्त्याकडेच्या पट्टीत पेरते, येता-जाता सगळ्यांना दिसेल असं. गड्डा नाही धरला तर दोष हिचा. धरला तर गेल्या सालचं सगळं माझ्या माथी, आणि मग मला कुणी मनाची मोठी म्हणायचं नाही."

तेया पांढरीफटक पडली. लोक पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशी, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी पाव घेऊन आले तेव्हाही?"

येराने होकाराची मान हलवली.

"मग तेव्हा मला एकटीला तरी सांगायचं."

येरा एप्रनमधलं बी सांभाळत उभी राहिली, आणि तेया निघून गेली.

सबंध ऑगस्ट येराला झोप नव्हती. पाऊस लांबला तेव्हा ती विहिरीचं पाणी डोक्यावरून आणून पट्टी भिजवायची. आयुष्यात पहिल्यांदा ती आपलं नाक कापलं जावं म्हणून शेत शिंपत होती. सप्टेंबरात मातीच्या वर जांभळे खांदे दिसायला लागले. गड्डे मुठीएवढे झाले, मग दोन मुठींएवढे. त्या रस्त्याने जाणारे लोक आधी थांबायचे, नंतर नुसतेच जायला लागले, दुसरीकडे बघत. मालची एका दुपारी कुंपणाशी बराच वेळ उभी राहिली. त्या संध्याकाळी दुधाच्या रांगेत तिने सुनेची किटली आपल्या हाताने उचलून आपल्यापुढे ठेवली. मालचीकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

येराने पहिला गड्डा तेयाच्या पायरीवर नेऊन ठेवला. तिची स्वतःची पायरी त्या साली रिकामी राहिली, आणि त्यानंतरही. जुलैत तिच्या कुंपणाशी काय पेरू विचारायला आता कुणी येत नाही. मी विचारते, पण मी शेजारीण.

बियाण्यासाठी आता गाव तेयाकडे जातं. ती शहरातून आणते, काही घरी धरते, सगळ्या बरण्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवते. रांगेत येराही असते, हातात वाटी घेऊन, इतरांसारखी. बाकीचे बी घेतात, मान हलवतात आणि जातात. येरा थांबते आणि दर वर्षी सगळ्यांदेखत आभार मानते.

"असू दे, मावशी," तेया म्हणते. "असू दे." ते ऐकलं की येरा वाटी हाताने झाकून, कुणाकडे न बघता भराभर घराकडे चालू लागते.