गेट सोडायचं नाही

"गार्डनं गेट सोडायचं नाई. काऊन, ते विचारायचं नाई." ब्रह्मपुरीजवळच्या राईस मिलमध्ये मी कॅमेऱ्यांच्या स्क्रीनसमोर बसायला लागले, त्या पहिल्याच दिवशी मॅनेजर वामनभाऊंनी हे ऐकवलं. एम.कॉम. झालेल्या मुलीला काही न विचारता नुसतं बघत बसायला लावलं, की किस्से साठणारच.

मोठ्या गेटवर यमुनाबाई, मागच्या गेटवर मारोतीभाऊ. कॅमेरे लागले तेव्हाच मालकांनी सांगून टाकलं होतं, "आता एकच गार्ड पुरे. दिवाळीनंतर एकाला कमी करू." कोणाला, ते फुटेजवरून ठरणार होतं.

तेव्हापासून मारोतीभाऊ येता-जाता कॅमेऱ्याला सलाम ठोकू लागले.

"भाऊ, तिकडे मी बसून राह्यते. मले कायले सलाम?"

"तुले नाई व पोरी. तुह्या मागं मालक उभे असले तं?"

रजिस्टरमध्ये दर तासाला शेरा लिहायचा असतो. एकदा सकाळी नऊला पाहिलं, तर मारोतीभाऊंचं संध्याकाळी पाचपर्यंत 'सर्व ठीक' लिहून तयार.

"पेन चांगला चालून राह्यला होता, लिहून टाकलं," भाऊ म्हणाले. "काई झालं तं खोडू."

त्याच दुपारी माकडाने मागचा कॅमेरा वर फिरवला. तासभर स्क्रीनवर नुसतं आभाळ. वामनभाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "मागच्या बाजूनं शांत आहे."

यमुनाबाईंचं काम वेगळं. मालकांच्या भाच्याची गाडीसुद्धा त्यांनी अडवली.

"नाव लिहा."

"मले ओळखत नाई का, बाई?"

"ओळखते, म्हणूनच लिहा म्हणून राह्यली."

तो नाव लिहून आत गेला. ती क्लिप मी तीनदा पाहिली.

दिवाळीआधी ऑफिसात बैठक बसली. मालक, त्यांचे काकाजी आणि वामनभाऊ. मला बोलावलं.

"यमुनाबाई रोज दोनदा दहा मिनिटं गेट सोडते," वामनभाऊ कोरा कागद माझ्या हातात देत म्हणाले. "फुटेजमंधी दिसते. रिपोर्ट लिहून सही कर."

"त्या समोरच्या घरी संडासाला जातात. मिलमध्ये फक्त गड्यांसाठी आहे, बायांसाठी नाही."

"ते लिहू नको. गेट सोडलं, इतकंच लिही."

"त्यांच्यानंतर मीही तिथंच जाते. ते नाही दिसलं फुटेजमध्ये?"

वामनभाऊंनी चष्मा काढला. काकाजी खाकरले. "आमच्या वेळी बाया दिवसभर वावरात राहत. कोणी असं बोलत नव्हतं."

"वावरात कॅमेरे नव्हते, काकाजी. आता आहेत, आणि ते बघायचा पगार तुम्ही मला देता. अर्धंच बघून मी लिहिणार नाही."

मी कोरा कागद टेबलावर परत ठेवला. मालकांनी काकाजींकडे पाहिलं, काकाजींनी वामनभाऊंकडे, आणि वामनभाऊ चष्मा पुसत राहिले.